सोसायटीची किंवा वॉर्डातली बाग पावसाला आणि उन्हाला टिकेल अशी कशी करायची

सोसायटीची ओपन स्पेस डेव्हलप करायची ठरली की पहिल्या मीटिंगला काय होतं ते सगळ्यांनाच माहितीये. कुणाला कारंजं हवं असतं, कुणाला ओपन जिम, ज्येष्ठ मंडळींना गझिबो, आणि एकजण हमखास मोबाइलवर दुबईच्या कुठल्यातरी बागेचा फोटो फिरवतो. मग सगळे पैसे पेव्हर, लाइट आणि लोखंडी कमानीत जातात, जूनमध्ये त्या बागेत घोटाभर पाणी आणि एप्रिलमध्ये दुपारी तिथे कुत्रंही बसत नाही. हे सगळं उलट क्रमाने करायचं असतं, आधी पाणी, मग सावली, मग माती, आणि उरलेल्या पैशात कमान वगैरे काय हौस असेल ती. खाली जे लिहितोय ते पुण्याकडचं डोक्यात ठेवून लिहितोय, अर्धा एकर म्हणजे वीसेक गुंठ्यांची बाग धरून, कारण मोठ्या लेआउटमध्ये नियमाप्रमाणे १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते त्यामुळे साधारण एवढ्याच जागा लोकांच्या वाट्याला येतात. मुंबई, कोकण, विदर्भाचं थोडं वेगळं आहे, ते मधे येईल.

पायरी १: पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते बघा

डिझायनर बोलवायच्या आधी जोराच्या पावसात छत्री घेऊन जागेवर जा. पाऊस चालू असतानाच, थांबल्यावर नाही. कुठल्या कोपऱ्यातून पाणी आत शिरतंय, शेजारच्या पार्किंगमधून येतंय का रस्त्यावरून, कुठे तळं होतंय, कुठल्या भिंतीला भोक पाडून बाहेर पळतंय, सगळ्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी परत जा आणि कुठे अजून पाणी आहे ते चुन्याने आखून ठेवा. हा फुकटचा सर्व्हे आहे आणि कुठल्याही कन्सल्टंटच्या ड्रॉइंगपेक्षा खरा आहे.

दुसरं म्हणजे आजूबाजूच्या जुन्या माणसांना विचारा की इथे आधी काय होतं. पुण्यातली सारसबागच घ्या, गणपतीला अजून 'तळ्यातला गणपती' म्हणतात कारण तिथे खरंच तळं होतं, नानासाहेब पेशव्यांच्या काळात पर्वतीच्या पायथ्याशी बांधलेलं, आणि त्यासाठी आंबिल ओढ्याचा प्रवाह वळवला होता. तळं बुजलं, बाग झाली. आंबिल ओढा मात्र गेला नाही, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तो काय करू शकतो ते काठावरच्या सोसायट्यांनी बघितलं, त्यात माणसं गेली. तुमच्या जागेत जुना ओहोळ, विहीर, खाण, भाताचं खाचर काहीही असेल तर पाणी तिथे येणारच. जुने नकाशे भूमी अभिलेख कार्यालयात मिळतात, आणि शेजारच्या गावठाणातले आजोबा त्याहून लवकर सांगतात.

पायरी २: हिशेब करा, अवघड नाहीये

१ मिलिमीटर पाऊस १ चौरस मीटरवर पडला की १ लिटर पाणी होतं. एवढं एकच लक्षात ठेवा. अर्धा एकर म्हणजे साधारण २००० चौरस मीटर. तासाभरात ४० मिमी पडला, जो आता पुण्यात वळवाच्या सरीत किंवा सप्टेंबरात पडतोच, तर ८०,००० लिटर. म्हणजे १०,००० लिटरचे आठ टँकर, तासाभरात, तुमच्या बागेत. मेमध्ये ज्या टँकरसाठी सोसायटीत भांडणं होतात तेच.

यातलं मातीवर पडलेलं बरंचसं मुरतं, प्रश्न असतो फरशी, पेव्हर आणि छपरावर पडलेल्याचा. समजा बागेतला ६०० चौरस मीटर भाग पक्का आहे, तर ४० मिमीचे २४,००० लिटर झाले. हे पाणी २० सेंटिमीटर खोल अशा उथळ खोलगटात मावायला १२० चौरस मीटर जागा लागते, गुंठ्यापेक्षा जरा जास्त. वीस गुंठ्यांत एक गुंठा पाण्याला द्यायचा, एवढंच आहे हे.

मुंबईकरांनी मात्र हा आकडा घेऊन खूश होऊ नये. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला होता, तेवढं कुठलीच बाग पिणार नाही. शिवाय भरतीच्या वेळी बाहेर जायलाही जागा नसते. म्हणून दादर-परळमधल्या हिंदमाता चौकात तुंबणारं पाणी साठवायला महापालिकेने दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या झेवियर्स मैदानाखाली मोठ्या टाक्या केल्या, पाणी आधी तिथे धरायचं आणि भरती ओसरली की सोडायचं. वर बाग-मैदान चालू, खाली टाकी. सोसायटीच्या बजेटचं काम नाही ते, पण कल्पना तीच आहे, पाण्याला थांबायला जागा द्यायची. बँकॉकला २०१७ मध्ये चुलालोंगकोर्न विद्यापीठाच्या शताब्दीची बाग झाली, ती साधारण ११ एकरची अख्खी बागच ३ अंशात तिरकी बांधलीये, वरच्या टोकाच्या हिरव्या छतावरून पाणी उतरत खालच्या तळ्यात येतं, लाखो गॅलन मावतं म्हणतात. आपल्यासारखाच पाऊस, आपल्यासारखंच ऊन, त्यामुळे कोपनहेगन-रॉटरडॅमच्या फोटोंपेक्षा हे उदाहरण बघितलेलं बरं.

पायरी ३: खड्डा खणून माती काय म्हणते ते बघा

फूटभर रुंद, दीड फूट खोल खड्डा खणा. पाणी भरा, पूर्ण उतरू द्या, मग परत भरा आणि आता पट्टी लावून दर तासाला किती उतरतंय ते लिहा. पहिल्या भरण्याचं मोजमाप धरायचं नाही, काळी माती कोरडी असताना तिला भेगा असतात, पाणी गपकन जातं आणि वाटतं वा काय मुरतंय, ओली झाली की तीच माती फुगते आणि दार बंद. ताशी १ सेंटिमीटर उतरलं तर २० सेंटिमीटरचं पाणी वीसेक तासांत जाईल, उत्तम. अर्ध्या सेंटिमीटरच्या खाली आलं तर खोलगट उथळ ठेवा आणि खाली खडीचा चर द्या. का, तर डेंग्यूचा डास. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आपण पाणी ४८ तासांत संपेल असंच डिझाइन करायचं. मीटिंगमध्ये "डास होतील" हा आक्षेप येणारच, तेव्हा हे तयार ठेवा. डास होतात ते कुंडीखालच्या ताटलीत, टायरमध्ये आणि बंद पडलेल्या कारंज्यात.

कोकणात जांभा असेल तिथे पाणी भराभर जिरतं, तिकडे उलट काळजी, मेपर्यंत ओल टिकवायची. विदर्भ-मराठवाड्यात काळी माती. पुण्याच्या टेकड्यांच्या उतारावर फूट-दीड फुटावर कातळ लागतो, तिथे खोल जायचा नाद सोडा आणि आडवे पसरा.

आणि हो, खणल्यावर निम्म्या ठिकाणी माती निघतच नाही, राडारोडा निघतो. बिल्डरने फुटकी टाइल, सिमेंटचे गोळे, प्लॅस्टिक असं सगळं पुरून वर सहा इंच लाल माती पसरलेली असते. अशा जागेत झाड तीन-चार वर्षं वाढतं आणि मग नुसतं उभं राहतं. राडारोडा काढायला पैसे लागतात, पण कमानीचे पैसे तिथे घाला.

पायरी ४: वाफे खाली, रस्ता वर

माझ्या मते सगळ्यात जास्त फरक पडतो तो इथे आणि खर्च जवळपास शून्य. आपल्याकडे वाफा म्हणजे कर्ब स्टोन (कडेचे उभे दगड) लावून आत मातीचा ढीग, बागेतल्या रस्त्यापेक्षा सहा इंच उंच. पाऊस आला की माती वाहून रस्त्यावर, रस्त्यावरून जाळीत, जाळी तुंबली, बागेत तळं. त्यात कर्ब सलग असल्यामुळे रस्त्यावरचं पाणी वाफ्यात जाऊच शकत नाही. माळीकाका बिचारे सकाळी नळीने झाडांना पाणी घालतात आणि काल पडलेलं पाणी गटारात गेलेलं असतं!

हे उलटं करा. वाफ्याची माती रस्त्यापेक्षा दोन-तीन इंच खाली. रस्त्याला वाफ्याकडे २ टक्के उतार, म्हणजे दोन मीटर रुंदीत चार सेंटिमीटर. कर्ब लावायचाच असेल तर दर दोनेक मीटरवर वीतभर मोकळी फट सोडा आणि त्या फटीच्या तोंडाशी चार दगड टाका, म्हणजे पाण्याच्या धारेने माती उकरली जात नाही. बस्स. गवंड्याला हे दोनदा सांगावं लागतं, कारण त्याच्या हाताला उंच वाफ्याची सवय असते, आणि आपण नसलो की तो सवयीने उंच करतोच, तेव्हा लेव्हल ट्यूब घेऊन स्वतः उभे राहा.

वाफ्यातून पाणी पुढे त्या गुंठाभर खोलगटात जाऊ दे. तिथे काय लावायचं, तर पाय ओले चालतात आणि कोरडेही चालतात अशी झाडं: वाळा, कर्दळ, लव्हाळा, कडेला करंज, अर्जुन, जांभूळ, उंबर. वाळ्याची मुळं खोल जातात आणि माती धरतात. खोलगटाला ओव्हरफ्लो हवाच, तो पावसाळी गटाराला जोडा, मैलापाण्याच्या लाइनला नाही. प्लंबर जवळची लाइन बघून जोडून मोकळा होतो आणि मग जुलैत तळमजल्याच्या बाथरूममधून पाणी वर येतं. हे खोलगट इमारतीच्या पायापासून आणि कंपाउंड वॉलपासून निदान तीन मीटर लांब ठेवा. बाहेरच्या रस्त्याचं पाणी आत घेणार असाल तर आधी गाळ बसायला छोटा खड्डा करा, आणि असलं पाणी गाळल्याशिवाय थेट बोअरमध्ये सोडू नका, बोअर एकदा नासलं की नासलं.

पेव्हरबद्दल एकच. "पेव्हरमधून पाणी मुरतं" असं कॉन्ट्रॅक्टर सांगेल, खाली पीसीसी म्हणजे साधं काँक्रीट टाकलेलं असेल तर काही मुरत नाही. चालायच्या रस्त्याला खडी आणि वर भरड चुरी पुरते. नाहीतर शहाबादी फरशीचे तुकडे सांध्यात जागा सोडून बसवा, किंवा सरळ दाबलेला मुरूम. ज्येष्ठांची वाट आणि व्हीलचेअरची वाट मात्र सपाट, न घसरणारी पाहिजे, तिथे काटकसर नको.

पायरी ५: सावली एप्रिलची

आता ऊन. पावसासारखंच, मेमध्ये दुपारी दीड वाजता आणि साडेचार वाजता जागेवर जाऊन उभे राहा. पुण्यात मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोब्बर डोक्यावर, म्हणजे भर दुपारी भिंतीची, इमारतीची सावली मिळत नाही, मिळते ती फक्त डोक्यावर फांदी असेल तर. आणि तीननंतर ऊन पश्चिमेकडून तिरकं येतं, बाकावर बसलेल्याच्या तोंडावर. म्हणून मोठी झाडं बाक, पायवाट आणि खेळायच्या जागेच्या पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला लावायची. नकाशावर झाडांचे गोल ठिपके छान समान अंतरावर काढलेले असतात, त्यांना हे काही माहिती नसतं.

झाड निवडताना नर्सरीत एकच प्रश्न विचारा: एप्रिलमध्ये याला पानं असतात का? देशी झाड म्हणून काटेसावर, पळस, पांगारा जरूर लावा, पक्षी येतात, फुलं सुंदर, पण ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर ती निष्पर्ण असतात, बाकाशेजारी उपयोग नाही. बहावाही फुलतो तेव्हा पानं जेमतेम. सावलीसाठी कडुलिंब आणि करंज, दोघंही पानं झाडून मार्च-एप्रिलपर्यंत परत हिरवे होतात, त्याशिवाय जांभूळ, बकुळ, पुत्रंजीवा, आंबा, जागा असेल तर वड. ताम्हण फुलासाठी लावा, आपलं राज्यफूल आहे. गुलमोहर मादागास्करचा, मुळं उथळ, वळवाच्या वाऱ्यात फांद्या टाकतो, असलेला तोडू नका पण नवीन बाकाजवळ लावू नका. कोनोकार्पस हे परदेशी झाड कुणी "झटपट हिरवं" म्हणून खपवत असेल तर नको म्हणा, गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातलीये.

मियावाकीबद्दल विचारतातच. दाट लावून जंगल, दिसायला हिरवं, आकडा मोठा दिसतो, फोटो छान येतो. कडेला धूळ-आवाज अडवायला एक पट्टा ठीक आहे, पण अर्ध्या एकराच्या बागेत त्याच्याखाली माणूस बसू शकत नाही, आणि आपल्याला माणसं बसवायचीयेत. आठ-दहा मीटर अंतरावर लावलेलं एक मोठं झाड मला शंभर काड्यांपेक्षा जास्त पटतं.

खड्डा मीटरभर लांब-रुंद-खोल, आत चांगली माती आणि कुजलेलं खत. आधाराला बांबू, आणि बांधायला सुतळी, तार नाही. बुंध्याभोवती काँक्रीट ओतायचं नाही, हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीबाबत आदेशच दिला होता की झाडाभोवती एक मीटर मोकळं पाहिजे. लोखंडी ट्री गार्ड तीन-चार वर्षांनी काढा, नाहीतर झाड त्याला गिळतं. असलेली मोठी झाडं "डिझाइनमध्ये येतात" म्हणून तोडायची भाषा कुणी केली तर १९७५ चा झाडांचा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि ५० वर्षांवरच्या झाडांना २०२१ च्या दुरुस्तीने वारसा वृक्ष म्हणून वेगळं संरक्षण आहे.

झाडं मोठी होईपर्यंतची पाच-सात वर्षं काय करायचं? मांडव घालून त्यावर मधुमालती चढवा, दोन वर्षांत झाकते. खेळण्यांवर शेडनेट. लोखंडी घसरगुंडी आणि काळं-निळं रबर फ्लोअरिंग उन्हात इतकं तापतं की मुलांना हात लावता येत नाही, एकदा मे महिन्यात चार वाजता स्वतः तळहात ठेवून बघा. झोपाळ्याखाली साधी वाळू. नकली हिरवळ तर अजिबात नको, ती प्लॅस्टिकच आहे, तापते आणि पाणीही धरत नाही.

पायरी ६: हिरवळ, पाणी, वीज

हिरवळ कमी करा. उन्हाळ्यात लॉनला साधारण रोजचे चौरस मीटरला ५ लिटर धरले तरी ५०० चौरस मीटरला २५०० लिटर रोज जातात. मुलांना लोळायला एक तुकडा ठेवा, बाकी ठिकाणी झाडांखाली पालापाचोळा पसरून ठेवा. हा पालापाचोळा म्हणजे बागेचं सोनं आहे आणि आपण तो गोणीत भरून कचऱ्याच्या गाडीला देतो, कुठे कुठे जाळतातही. कोपऱ्यात विटांचा जाळीदार हौद करा, वर्षभरात खत.

एसटीपीचं, म्हणजे सोसायटीच्या सांडपाणी शुद्धीकरण प्लांटचं पाणी वापरता येतं, पण ठिबकने, स्प्रिंकलरने नको, मुलांच्या नाका-तोंडात जातं. विजेचं कुणी बोलत नाही म्हणून सांगतो: बागेतले लाइटचे डबे आणि मेन पॅनल पाणी साचतं त्या पातळीच्या वर घ्या (पायरी १ ची चुन्याची रेघ आठवा), ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा, दर मेमध्ये अर्थिंग तपासा. पाण्यात उतरलेला करंट हा पावसाळ्यातला खरा धोका आहे.

पायरी ७: दुपारी कुलूप लावू नका

डिझाइन बरोबर, झाडं मोठी, आणि अकरा ते चार गेटला कुलूप. बऱ्याच ठिकाणी हीच पद्धत आहे. ज्या वेळी सावलीची सगळ्यात जास्त गरज त्याच वेळी बंद. दोन घरांच्या कामामधे तासभर टेकायला जागा शोधणाऱ्या मावशी, डिलिव्हरीवाली पोरं, रिक्षावाले, वॉचमन, यांना घरी जाऊन एसी लावायची सोय नसते. गेटजवळ सावलीत दोन बाक, पिण्याच्या पाण्याचा नळ आणि उघडं असलेलं स्वच्छतागृह, एवढं केलं तर उन्हाच्या लाटेत त्या बागेचा खरा उपयोग होतो. सोसायटीत यावर वाद होईल, "बाहेरचे लोक येतात" म्हणतील. मग निदान रस्त्याकडचा एक पट्टा कंपाउंडच्या बाहेर सोडा, बाक आणि झाडासकट.

पैसे आणि कागदपत्रं

जागा महापालिकेची असेल तर क्षेत्रीय कार्यालयात उद्यान विभागाला भेटा. पुण्यात नागरिकांनी सुचवलेली छोटी कामं बजेटमध्ये घ्यायची सोय २००६ पासून आहे, अर्ज साधारण पावसाळ्याच्या शेवटाला मागवतात, तेव्हा लक्ष ठेवा आणि काम नेमकं लिहा. "बाग सुशोभीकरण" लिहिलंत तर कमान मिळेल. "पायवाटेच्या कडेचे कर्ब कापून वाफे खाली घेणे, ओव्हरफ्लो पावसाळी गटारास जोडणे, १५ झाडांसाठी खड्डे व तीन वर्षं निगा" असं लिहिलंत तर निदान वाचावं तरी लागतं.

तीन वर्षं निगा हे शब्द विसरू नका. नवीन झाडाला पहिले तीन उन्हाळे आठवड्यातून दोनदा पाणी लागतं, पावसाळ्याआधी जाळ्या आणि गाळाचा खड्डा साफ करायला लागतो, वाळक्या फांद्या मेमध्ये काढायला लागतात, आणि हे कुणाच्याच टेंडरमध्ये नसतं. माळ्याचा पगार आधी बाजूला काढा मग बाकीचं.

कामाची वेळ म्हणाल तर माती-उताराची कामं फेब्रुवारी ते मे, लागवड जूनचे दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर. उद्घाटन लवकर उरकायची घाई असतेच, करा उद्घाटन, पण ठेकेदाराच्या बिलातली १० टक्के रक्कम करारातच राखून ठेवा आणि एक अख्खा पावसाळा गेल्यावर, पहिल्या वेळी काढलेले व्हिडिओ हातात घेऊन पाणी आता कुठे थांबतंय ते त्याच्याबरोबर बागेत फिरून बघितल्यावरच द्या.